सदस्यांनी परत आणलेला नेता

शिवसेना कोणाची आणि राष्ट्रवादी कोणाची, याची उत्तरं आपल्याकडे कागदोपत्री केव्हाच मिळाली आहेत. निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 ला धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांना दिला आणि 6 फेब्रुवारी 2024 ला घड्याळ अजित पवार यांना दिलं. विधानसभा अध्यक्षांनीही आपले निकाल दिले. तरी माझे कऱ्हाडचे मामा फोनवर अजून त्याच मुद्द्यावर येतात. मामा राष्ट्र सेवा दलात वाढलेले. एस. एम. जोशींच्या सभांना सतरंज्या अंथरलेला माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच की या सगळ्या निकालांत कार्यकर्ता कुठेच नाही. आमदार मोजले, खासदार मोजले, पण वर्षानुवर्षं भिंती रंगवणाऱ्याला कुणी विचारलंच नाही.

मी माद्रिदच्या दक्षिणेला खेताफेत राहते. इथल्या समाजवादी पक्षात हाच प्रश्न 2016 साली उभा राहिला होता, आणि त्याचं उत्तर सदस्यांच्या मतपेटीतून आलं. पुढे स्पेनचे पंतप्रधान झालेले पेद्रो सांचेझ यांची सगळी कारकीर्द त्या उत्तरावर उभी आहे. ते उत्तर किती मोलाचं होतं आणि पुढे त्याचं काय झालं, हे दोन्ही मामांना सांगावंसं वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

स्पॅनिश समाजवादी कामगार पक्षाला इथे सगळे ‘पेसोए’ म्हणतात. 1879 मध्ये माद्रिदच्या कासा लाब्रा नावाच्या खानावळीत छापखान्यातले कामगार आणि थोडे शिकलेले लोक जमले, त्यांनी तो स्थापन केला. पुढे फ्रँकोच्या हुकूमशाहीत पक्ष बेकायदा ठरला, नेते फ्रान्समध्ये निर्वासित झाले, पण पक्ष टिकला. आपल्या समाजवाद्यांनी 1977 मध्ये आपला पक्ष जनता पक्षात विसर्जित केला, आणि महाराष्ट्रात तो पुन्हा कधी तसा उभा राहिला नाही. मामांच्या आयुष्यातली ही मोठी सल आहे, म्हणून पेसोएचं टिकून राहणं त्यांना विशेष वाटतं.

सांचेझ यांचा जन्म 1972 चा, माद्रिदचाच. तरुणपणी बास्केटबॉल खेळले, अर्थशास्त्र शिकले, मग माद्रिदचे नगरसेवक झाले. संसदेत दोनदा गेले ते दुसऱ्या कुणी जागा सोडल्यावर, यादीतला पुढचा माणूस म्हणून. इथे मतदार पक्षाच्या बंद यादीला मत देतो, उमेदवाराला नाही. यादीत कितव्या क्रमांकावर आहात यावर सगळं ठरतं, आणि यादी पक्ष करतो. अशा व्यवस्थेत सर्वसाधारण खासदार नेत्यांच्या मर्जीवर जगतो. जुलै 2014 मध्ये पेसोएने पहिल्यांदा आपला सरचिटणीस थेट सदस्यांच्या मताने निवडला. सरचिटणीस म्हणजे इथे पक्षाचा प्रमुख. एदुआर्दो मादिना यांना हरवून सांचेझ निवडून आले, तेव्हा दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांताच्या प्रादेशिक अध्यक्षा सुसाना दियास यांचं बळ त्यांच्या पाठीशी होतं. बऱ्याच जणांना वाटत होतं की हा तरुण दोन-तीन वर्षं जागा सांभाळेल आणि मग दियासबाई माद्रिदला येतील.

तसं झालं नाही. डिसेंबर 2015 मध्ये पक्षाला 90 जागा मिळाल्या, जून 2016 मध्ये 85. तोपर्यंतची ही सगळ्यात वाईट कामगिरी. उजव्या पीपल्स पार्टीच्या मारियानो राखोय यांच्याकडेही बहुमत नव्हतं. समाजवाद्यांनी तटस्थ राहून राखोय यांना सरकार बनवू द्यावं, की नाही म्हणून देशाला तिसऱ्या निवडणुकीकडे न्यावं? सांचेझ ‘नाही म्हणजे नाही’ या एका वाक्यावर ठाम राहिले. पक्षातले प्रादेशिक सुभेदार, जुने पंतप्रधान फेलिपे गोन्सालेस आणि बडी वर्तमानपत्रं दुसऱ्या बाजूला होती.

सप्टेंबरच्या शेवटी कार्यकारिणीतल्या 17 जणांनी एकदम राजीनामे दिले. 1 ऑक्टोबर 2016 ला फेराझ रस्त्यावरच्या मुख्यालयात केंद्रीय समितीची बैठक झाली. आत आरडाओरडा आणि रडारड, एक मतपेटी पडद्याआड ठेवली म्हणून गोंधळ, आणि बाहेर रस्त्यावर सदस्य घोषणा देत उभे. रात्री हात वर करून मतदान झालं, 132 विरुद्ध 107. सांचेझ हरले आणि पायउतार झाले. ज्याला सदस्यांनी निवडलं, त्याला समितीने घालवलं. काही आठवड्यांनी राखोय यांच्यावरच्या मतदानात तटस्थ राहण्याचा आदेश निघाला. तो पाळायचा नाही आणि पक्षाविरुद्ध मतही द्यायचं नाही, म्हणून सांचेझ यांनी 29 ऑक्टोबरला खासदारकीचाच राजीनामा दिला. बोलताना त्यांचा कंठ दाटला होता. सोमवारी गाडी घेऊन निघतो, सदस्यांना भेटतो, एवढं सांगून ते गेले.

गाडी होती जुनी प्यूजो. सोबत मोजके लोक. पद नाही, पक्षाचं कार्यालय नाही, मोठं वर्तमानपत्र नाही. जानेवारी 2017 मध्ये त्यांनी आपली उमेदवारी जाहीर केली ती दोस एर्मानास गावी. हे गाव सेविल्यालगतचं, म्हणजे थेट सुसाना दियास यांच्या अंगणात. दियासबाईंच्या उमेदवारीच्या सभेला माद्रिदमध्ये गोन्सालेस, सापातेरो, रुबाल्काबा, सगळे माजी मोठे नेते व्यासपीठापुढे बसले होते. सांचेझ यांच्या सभा गावोगावच्या समाजमंदिरांसारख्या सभागृहांत चालायच्या आणि दाराबाहेरही माणसं उभी असायची.

21 मे 2017 ला मतदान झालं. दियास यांना जेवढ्या सदस्यांनी उमेदवारीसाठी पाठिंब्याच्या सह्या दिल्या होत्या, साधारण तेवढीच मतं मिळाली, 59 हजारांच्या आसपास. सांचेझ यांना 53 हजार सह्या होत्या आणि मतं पडली सुमारे 74 हजार. म्हणजे वीसेक हजार सदस्यांनी उघडपणे सही केली नव्हती, पण गुप्त मतपेटीत आपलं मत टाकलं. मला या सबंध गोष्टीत हा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. स्थानिक नेत्याच्या समोर सही करणं वेगळं आणि पडद्यामागे चिठ्ठी घडी करणं वेगळं. आपल्या गावातल्या कुठल्याही कार्यकर्त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मामांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “उद्धवरावांना असं दार असतं तर?” हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, उद्धव ठाकरे यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो. 29 जून 2022 ला त्यांनी बहुमत चाचणीआधी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी 11 मे ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चूक होतं, पण चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे ते सरकार परत आणता येत नाही. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. म्हणजे पक्ष वेगळा आणि आमदार वेगळे, हे आपला कायदाही मानतो. मग पक्ष म्हणजे कोण? आयोगाने पक्षाची घटना पाहिली, तिच्यात लोकशाही दिसली नाही असं म्हटलं, संघटनेतलं बहुमत मोजण्याचा मार्ग बाजूला ठेवला आणि शेवटी 55 पैकी 40 आमदार, 18 पैकी 13 खासदार शिंदेंकडे आहेत यावर निकाल दिला. पदाधिकारी नेमणुकीने आलेले, निवडणूक न होता. मोजायला खरी सदस्ययादीच नव्हती. ज्या पक्षाने शांततेच्या काळात सदस्याला मत दिलं नाही, त्याच्याकडे भांडणाच्या काळात सदस्य साक्षीलाही नसतो.

स्पेनच्या 1978 च्या राज्यघटनेत, सहाव्या कलमात, पक्षाची अंतर्गत रचना आणि कामकाज लोकशाही पद्धतीचं असलं पाहिजे असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या घटनेत राजकीय पक्ष पहिल्यांदा ठळकपणे आला तो 1985 मध्ये, दहाव्या परिशिष्टातून, आणि तोही पक्षांतर केलं तर शिक्षा काय एवढ्यापुरता. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 29 अ पक्षाकडून घटनेशी, समाजवादाशी, धर्मनिरपेक्षतेशी आणि लोकशाहीशी निष्ठेचं वचन घेतं, पण पक्षातल्या निवडणुकांबद्दल काही सक्ती करत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये काँग्रेसने अध्यक्षपदाची निवडणूक घेतली, खर्गे यांना 7,897 मतं, थरूर यांना 1,072. चांगली गोष्ट झाली, पण मत होतं ते प्रतिनिधींना. गावातला साधा सदस्य त्यात नव्हता.

पक्षांतराच्या बाबतीत मात्र स्पेन आपल्याहून अगदी उलट टोकाला आहे, आणि घरी हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. इथे खासदाराची जागा त्याची स्वतःची. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं म्हणून खासदारकी जात नाही. 2016 मध्ये राखोय यांना ‘नाही’ म्हणणाऱ्या 15 समाजवादी खासदारांना पक्षाने दंड केला, पण ते खासदार राहिले. फेब्रुवारी 2022 मध्ये कामगार कायद्यातली सुधारणा मतदानाला आली तेव्हा नाव्हारा प्रांतातल्या एका छोट्या पक्षाच्या दोन खासदारांनी पक्षाने दिलेला शब्द मोडून विरोधात मत दिलं. कायदा पडणारच होता. तेवढ्यात विरोधी पक्षाच्या एका खासदाराने घरून संगणकावर मत देताना चुकीचं बटण दाबलं आणि कायदा 175 विरुद्ध 174 असा पास झाला. ते दोघे पक्षातून गेले, संसदेतून नाही. आणि मार्च 2021 मध्ये मुर्सिया प्रांतात अविश्वास ठराव आणणाऱ्या पक्षाच्याच तीन आमदारांनी पलटी मारली आणि थेट मंत्रिपदं घेतली. तेव्हा स्पेनचे लोकप्रतिनिधी सोवळे आणि आपले तेवढे ओवळे, असं कुणी समजू नये.

आणखी एक नियम मात्र आपण मनावर घेण्यासारखा आहे. इथे अविश्वास ठराव आणायचा तर त्यातच पुढच्या पंतप्रधानाचं नाव द्यावं लागतं आणि 350 पैकी 176 मतं लागतात. सरकार पाडणं आणि दुसरं बनवणं एकाच मतदानात, उघड सभागृहात. मे 2018 मध्ये ग्युर्तेल भ्रष्टाचार खटल्याच्या निकालात पीपल्स पार्टीवर ठपका आला आणि सांचेझ यांनी ठराव आणला. पक्षाचे खासदार होते 84, सांचेझ स्वतः तर खासदारही नव्हते. 1 जून ला 180 विरुद्ध 169 असा ठराव मंजूर झाला. लोकशाही आल्यापासून यशस्वी झालेला हा पहिला अविश्वास ठराव. सुरत नाही, गुवाहाटी नाही, राजभवनाच्या फेऱ्या नाहीत. कुणी कुणाला का पाठिंबा दिला हे प्रत्येक पक्षाने भाषण करून सांगितलं.

पुढच्या वर्षांत त्यांनी केलेल्या काही गोष्टींबद्दल मला मनापासून आदर आहे. 2018 मध्ये किमान वेतन महिन्याला 736 युरोंच्या आत होतं, वर्षाला चौदा पगार धरून. 2025 मध्ये ते 1,184 झालं. माझ्या इमारतीतल्या जिन्याची सफाई करणाऱ्या, वृद्धांची देखभाल करणाऱ्या बायकांच्या घरात हा फरक दिसतो. ऑक्टोबर 2019 मध्ये फ्रँकोचा मृतदेह त्याच्या भव्य स्मारकातून बाहेर काढला गेला, त्यालाही चाळीसहून अधिक वर्षं लागली होती. आणि युरोपभर स्थलांतरितांविरुद्ध बोलणं सोपं झालेल्या काळात या माणसाने संसदेत उभं राहून स्थलांतरित देशाला हवे आहेत असं सांगितलं. परक्या देशात राहणाऱ्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर 2024 मध्ये ते भारतात आले तेव्हा घरच्यांनाही हे नाव कळलं. वडोदऱ्यात टाटांच्या सी-295 विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन मोदींबरोबर त्यांनी केलं, मग ते मुंबईला गेले. 56 पैकी 16 विमानं सेविल्यात बनायची, 40 वडोदऱ्यात. नागपूरच्या मिहानला येईल अशी आशा असलेला हाच तो प्रकल्प, ज्याच्यावरून 2022 मध्ये महाराष्ट्रात रान उठलं होतं. त्यामुळे आमच्या घरी सांचेझ म्हणजे ‘गुजरातला विमानं देणारा’. कारखाना कुठे जाईल हे सांचेझ यांनी ठरवलेलं नव्हतं, हे मी सांगून थकले.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर 2019 मध्ये ते म्हणाले होते की पोदेमोस या डाव्या पक्षाचे लोक सरकारात घेतले असते तर मला रात्री झोप लागली नसती. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी त्यांनी पोदेमोसच्या पाब्लो इग्लेसियास यांना मिठी मारून आघाडी जाहीर केली. कॅटलान फुटीरतावाद्यांना सरसकट माफी देणार नाही, असं 2023 च्या निवडणुकीआधी त्यांची बाजू सांगत होती. निवडणुकीनंतर सात मतांची गरज पडली आणि माफीचा कायदा आला. कॅटलोनिया शांत झाला, हे खरं. कदाचित तो कायदा योग्यही असेल. पण मतदाराला आधी सांगून मत मागितलेलं नव्हतं, हे मला गिळता येत नाही.

त्या सात मतांच्या गरजेमागे परदेशस्थांचा हात होता, हे इथे बोलून ठेवते. 23 जुलै 2023 च्या रात्री समाजवाद्यांना 122 जागा होत्या. पाच दिवसांनी परदेशात राहणाऱ्या स्पॅनिश नागरिकांची टपाली मतं मोजली आणि माद्रिदमधली एक जागा विरोधकांकडे गेली. दोन्ही बाजू 171-171 झाल्या, आणि कॅटलान फुटीरतावादी नेते पुच्देमोन यांच्या पक्षाचं नुसतं तटस्थ राहणं पुरेसं उरलं नाही, त्यांचा होकार लागला. ब्यूनोस आयरेस किंवा पॅरिसमध्ये बसलेल्या माणसाच्या लिफाफ्याने एका देशाचं राजकारण वळलं. आपल्याकडे परदेशस्थ नागरिकाला नाव नोंदवता येतं, पण मतदानाला त्याच गावच्या केंद्रावर हजर व्हावं लागतं. मला इथे संसदेसाठी मत नाही, आणि तिथे आहे ते विमानाच्या तिकिटाला बांधलेलं.

सदस्यांच्या मताचंही पुढे काय झालं ते पाहायला हवं. 2017 च्या विजयानंतर पक्षाची घटना बदलली: सदस्यांनी निवडलेल्या सरचिटणीसाला सदस्यांना विचारल्याशिवाय समिती काढू शकणार नाही. न्याय्य वाटतं. पण हळूहळू समितीत विरोध करणारंच कुणी उरलं नाही. 2021 आणि 2024 च्या अधिवेशनांआधी दुसरा उमेदवारच उभा राहिला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकार बनवण्याच्या करारावर सदस्यांचं मत घेतलं, 87 टक्के ‘हो’. प्रश्नात माफीचा उल्लेखच नव्हता. प्रांताप्रांतातल्या पक्षाच्या गाद्यांवर माद्रिदहून मंत्री बसवले गेले, आंदालुसियात तेव्हाच्या उपपंतप्रधान मारिया खेसुस मोन्तेरो, बालेन्सियात दियाना मोरान्त. ज्या सुभेदारांच्या जाचातून सदस्यांनी नेत्याला सोडवलं, ते सुभेदार संपले आणि त्यांच्या जागी नेत्याचीच माणसं आली.

आणि मग जून 2025. पक्षाचे संघटन सचिव सांतोस सेर्दान यांचं नाव सरकारी कंत्राटांतल्या दलालीच्या तपासात आलं, त्यांनी पद सोडलं आणि महिनाअखेर त्यांना कोठडी झाली. त्यांच्याआधीचे संघटन सचिव होसे लुईस आबालोस आणि त्यांचे सहाय्यक कोल्दो गार्सिया आधीच त्या प्रकरणात होते. तिघांनीही आरोप नाकारले. पण 2017 च्या त्या प्यूजोच्या दिवसांत सांचेझ यांच्यासोबत होते ते हेच तिघे. तपासाच्या अहवालात 2014 च्या पक्षांतर्गत निवडणुकीतले संदेशही आले, दोन जादा चिठ्ठ्या पेटीत टाकण्याबद्दलचे. दोन चिठ्ठ्यांनी निकाल बदलला नसता. तरीही ते वाचून मला फार वाईट वाटलं. सांचेझ यांनी टीव्हीवर माफी मागितली. पण दोन्ही संघटन सचिव त्यांनीच निवडले होते, आणि त्यांना जाब विचारील अशी समिती पक्षात शिल्लक नव्हती.

मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला आक्षेप इथला नव्हताच. “आपल्याकडे सदस्य खरे कुठे असतात? मिस्ड कॉल दिला की सदस्य. गठ्ठ्याने पावत्या फाडतात आणि पैसे भरतो एकच जण.” खरं आहे. इथे सदस्य नियमित वर्गणी भरतो आणि गावातल्या शाखेत नोंदलेला असतो. शाखेच्या इमारतीला ‘लोकांचं घर’ म्हणतात, खेताफेतही आहे. मतदानाआधी यादी बंद होते आणि किती सदस्यांना मत आहे तो आकडा जाहीर होतो.

मला असं वाटतं की निवडणूक आयोग नोंदणीच्या वेळी पक्षाची घटना मागतोच, तशी वर्गणी भरणाऱ्या सदस्यांची यादीही दर वर्षी मागावी. ज्या पक्षाला राखीव चिन्ह हवं त्याने ती द्यावी. पक्ष फुटला तर फुटीच्या आधीच्या वर्षी बंद झालेली यादी घ्यावी आणि त्या लोकांचं गुप्त मतदान आयोगाने स्वतः घ्यावं. पेसोएकडे पाहून त्यात दोन गोष्टी आणखी घालीन: पक्षप्रमुखाला सलग दोनच मुदती, आणि प्रांतिक अध्यक्ष त्या त्या प्रांतातल्या सदस्यांनीच निवडायचा, वरून पाठवायचा नाही. मामांचा यावरही प्रश्न आहेच, की घराण्याच्या मालकीचे पक्ष अशी यादी खरी देतील कशाला. चिन्ह जाईल या भीतीने देतील, असं माझं म्हणणं. दोन वेळा चिन्ह गेलेलं महाराष्ट्राने पाहिलंय, त्या भीतीची ताकद आता प्रत्येक पक्षाला माहीत आहे.